नारायणगावचा टोमॅटो आणि वरळीचा समुद्र

फ्लश ओढला की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. पण बॉस, खरा हिशोब तिथून पुढे सुरू होतो! त्यात गुलाबी रंग आहे, मिठाची चव आहे, कोळीवाड्यातलं उधाण आणि भांग आहे. आणि जुन्नर-आंबेगावच्या नद्यांसाठी एक अवघड प्रश्नसुद्धा आहे.

ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या सँडविचमध्ये जो टोमॅटो असतो, तो कुठून येतो? मुंबई-पुण्यात असाल तर तो नारायणगावचा असण्याची शक्यता बरीच. सीझनला जुन्नर तालुक्यातल्या या बाजारात क्रेटच्या थप्प्या लागतात, सौदे होतात आणि टेम्पो आळेफाटा, माळशेज, कल्याण करत मुंबईकडे सुटतात. लोअर परळच्या ऑफिसात दुपारी डबा पोचवणारे पांढऱ्या टोपीतले काकाही बहुतेक याच पट्ट्यातले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. म्हणजे टोमॅटो आणि डबा, दोघांचं गाव एकच!

आता जरा भूगोल. (घाबरू नका, मार्क नाहीत.) वीकेंडला नाणेघाटात गेलात तर तिथल्या दगडी रांजणासमोर फोटो काढण्याआधी एक गोष्ट बघा. घाटमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब पूर्वेकडे वळला तर कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा दूरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जातो. तोच थेंब पश्चिमेला कोसळला तर काळू आणि उल्हास नदीतून अरबी समुद्रात. दोन थेंबांत अंतर पावलांचं, पण नशीब दोन वेगळ्या समुद्रांचं.

टोमॅटो मात्र या नियमाला चकवा देतो. त्याच्या वजनातला चौऱ्याण्णव टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. हे पाणी कुकडी किंवा मीनेच्या खोऱ्यातलं. ते जायला हवं बंगालच्या उपसागरात, पण क्रेटमध्ये बसून घाट उतरतं, लोअर परळला सँडविचमध्ये शिरतं आणि दुसऱ्या दिवशी... पुढचं समजून घ्या. ते पोचतं वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनला.

लव्हग्रोव्हला काय होतं?

नाव इतकं रोमँटिक, पण काम सगळ्या शहराने नाक मुरडावं असं. इथे सांडपाणी जाळ्यांमधून जातं. प्लास्टिक, चिंध्या, शाम्पूची पाकिटं असला कचरा अडकतो. मग वाळू आणि खडी खाली बसवतात. आणि त्यानंतर हे पाणी समुद्रतळाच्या खालून खणलेल्या बोगद्यात ढकललं जातं. बोगदा सुमारे ३.४ किलोमीटर लांब, व्यास साधारण साडेतीन मीटर. वरळीचा बोगदा १९९९ च्या सुमारास सुरू झाला, वांद्र्याचा त्यानंतर काही वर्षांनी, २००३ च्या आसपास. पैशाचा मोठा वाटा जागतिक बँकेच्या कर्जातून आला. त्याआधी हेच पाणी किनाऱ्यालगतच सोडलं जायचं. वरळी सी-फेसवर जुन्या पिढीने प्रेमात पडताना कसला वास सहन केला असेल, विचार करा!

म्हणजे या दोन ठिकाणी वर्षानुवर्षं भरवसा होता तो यंत्रांपेक्षा समुद्रावर. जाळी आम्ही लावतो, बाकीचं तू बघून घे. इंजिनिअर लोकांच्या भाषेत याला म्हणतात विरळीकरण. आपल्या भाषेत, आमटी तिखट झाली की पाणी ओतणं.

पण आमटीत किती पाणी ओतलं हे चव घेऊन कळतं. समुद्रात कसं कळणार?

कोटी ते शंभर

फंडा समजायला आधी एक आकडा. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू असतात ढोबळमानाने एक कोटी. आणि आपल्याकडच्या मानकांनुसार समुद्राचं पाणी अंघोळीला, पोहायला योग्य ठरायला तेवढ्याच पाण्यात ते असावेत फार तर १००. म्हणजे एक लाख पट घट हवी. कोण करणार ही घट?

तीन जण मिळून करतात. पहिला टप्पा अगदी बोगद्याच्या तोंडाशी. समुद्राचं पाणी खारं, म्हणून जड. एका घनमीटरला साधारण १,०२५ किलो. सांडपाणी गोडं, १,००० किलोच्या आसपास. त्यामुळे तळाशी असलेल्या नळ्यांमधून बाहेर पडल्यावर ते धुरासारखं वर उसळतं, आणि वर जाताना भोवतालचं खारं पाणी आत ओढत जातं. पृष्ठभागावर पोचेपर्यंत, समजा, ते पन्नास पट पातळ झालं. एक कोटीचे झाले दोन लाख. इथे खोली म्हणजे सगळं काही. जितकी जास्त खोली, तितका वर येण्याचा प्रवास मोठा, तितकं जास्त मिसळणं. मुंबईसमोरचा समुद्र या बाबतीत जरा कंजूष. उथळ आहे. अमेरिकेतल्या बोस्टनचा बोगदा २००० साली सुरू झाला, तो १५ किलोमीटर लांब जातो आणि सुमारे ३० मीटर खोल पाण्यात उघडतो. सिडनीने १९९०-९१ मध्ये ६० ते ८० मीटर खोलीवर नेऊन पाणी सोडलं, तेव्हा कुठे बाँडाय बीचचा श्वास मोकळा झाला.

दुसरा टप्पा प्रवाहाचा. पातळ झालेला तो ढग भरती-ओहोटीबरोबर पसरत जातो. अजून वीस पट धरा. दोन लाखांचे झाले दहा हजार.

तिसरा गडी म्हणजे ऊन! खारं पाणी आणि सूर्यप्रकाश जिवाणूंना मारतात. शंभरातले नव्वद मरायला जेवढा वेळ लागतो, तो यातला कळीचा आकडा. आपल्याकडच्या कडक उन्हात तो काही तासांचा असतो. रात्री मात्र तोच कितीतरी पट लांबतो. दहा हजारांचे शंभर व्हायला असे दोन हप्ते हवेत.

आता ३.४ किलोमीटरचा अर्थ बघा. समजा, वाऱ्याने तो ढग सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने थेट किनाऱ्याकडे ढकलला. किती वेळात पोचेल? पावणेपाच तासांच्या आसपास. नव्वद टक्के मरायला तीन तास धरले, तर दोन हप्त्यांना सहा तास लागतात. म्हणजे जिवाणू पूर्ण मरायच्या आतच दादरची चौपाटी आली! नशीब की इथले प्रवाह बराच वेळ किनाऱ्याला समांतर वाहतात. पण लांबीचा हा सगळा खर्च अंतरासाठी नसतो, वेळ विकत घेण्यासाठी असतो, हे ध्यानात आलं ना? आणि रात्री ११ वाजता आपण फ्लश ओढला तर उन्हाचा गडी ड्युटीवर नसतो.

गुलाबी पाण्याचा पाठलाग

हे सगळं झालं कागदावर. प्रत्यक्षात तपासतात कसं? तर रंग टाकून. ऱ्होडामिन डब्ल्यूटी नावाचा लालसर-गुलाबी रंग असतो. पंपिंग स्टेशनमध्ये तो ठरलेल्या वेगाने सांडपाण्यात सोडायचा. मग बोटीवर फ्लुओरोमीटर नावाचं यंत्र घेऊन समुद्रात नागमोडी चकरा मारायच्या. डोळ्यांना रंग दिसेनासा झाला तरी यंत्राला दिसतो. अब्जात एक भाग इतका बारीकसुद्धा. बोगद्यात शिरताना रंग किती होता भागिले बोटीखाली किती सापडला, बस्स, तेवढ्या पट पाणी पातळ झालं. अट एकच. रंग टाकण्याआधी समुद्राची मूळ चमक मोजून ती वजा करायची. गढूळ पाणी आणि शेवाळं यंत्राला थोडं फसवतात.

बोस्टनमध्ये २००१ साली अशी रंगाची चाचणी झाली. त्याआधी प्रयोगशाळेत छोटं मॉडेल करून विरळीकरणाचा अंदाज बांधला होता. समुद्रात मोजलेला आकडा त्याच्याशी जवळपास जुळला. एवढा खर्च झाल्यावर असं जुळणं म्हणजे अनेकांच्या नोकऱ्या वाचल्या असणार!

रंगाची भानगड नको असेल तर मीठ आहेच. समुद्राची क्षारता समजा ३५ आहे. त्यात शंभरात एक भाग गोडं सांडपाणी मिसळलं तर ती उतरते ३४.६५ वर. म्हणजे नुसती क्षारता अचूक मोजली तरी विरळीकरण निघतं. अडचण पावसाळ्यात. तेव्हा मिठी नदी, नाले आणि ढग सगळेच गोडं पाणी ओततात. मग कुठलं गोडं कुणाचं, हे मीठ सांगू शकत नाही.

तिसरी पद्धत ऐकून जरा दचकायला होईल. किरणोत्सारी ब्रोमीन! ब्रोमीन-८२ चं अर्धायुष्य सुमारे ३५ तास. म्हणजे आठवड्याभरात ते जवळपास संपतं. अगदी थोडं सोडलं तरी उपकरण त्याचा माग काढतं, आणि गढूळपणाने ते फसत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अशी मागोवा घेणारी द्रव्यं सांडपाण्यासाठी आणि बंदरांतल्या गाळासाठी वापरली आहेत. कोयना-भाटघरच्या पोरांना भीती वाटेल, पण प्रमाण बेताचं ठेवूनच परवानगी मिळते.

आणि पुणेकरांनो, कॉलर ताठ करा. समुद्र नसलेल्या आपल्या गावात समुद्राचा अभ्यास होतो! खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं. बंदरं, लाटा, वीजकेंद्रांचं गरम पाणी समुद्रात कसं पसरेल, अशा गोष्टींची मॉडेल्स तिथे होतात. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाताना आपण त्याच्या गेटवरून जातो आणि कुणीतरी म्हणतं, इथे काहीतरी सरकारी आहे वाटतं.

परीक्षा कधी घ्यायची?

यात चीटिंगला भरपूर वाव आहे. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, प्रवाह जोरात असतात. त्या दिवशी चाचणी घेतली की निकाल झक्कास. भांगाला, अष्टमीच्या आसपास, पाणी मरगळलेलं असतं. त्यातही भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी समुद्र काही मिनिटं नुसता उभा राहतो. तेव्हा सांडपाणी बोगद्याच्या तोंडावरच साचतं. चाचणी घ्यायची तर तेव्हा. सोबत पहाट असावी, कारण रात्रभर उन्हाने काही मदत केलेली नसते. एखाद्या अहवालात नुसता सरासरी आकडा दिसला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की तिथी कुठली होती? कोळीवाड्यातल्या कुठल्याही मावशीला हे विज्ञान पाठ असतं, फक्त तिने त्याला विरळीकरण म्हटलेलं नसतं.

मग एवढं सगळं करूनही जुहू आणि दादरचं पाणी असं का? कारण बोगद्यापर्यंत पोचतं ते सांडपाणी वेगळं आणि नाल्यांतून, मिठीतून थेट किनाऱ्यावर येतं ते वेगळं. जे गटारांच्या जाळ्यात शिरतच नाही, त्याला ३.४ किलोमीटरचा फायदा कसला? ते चौपाटीवरच उतरतं. विरळीकरणाची चाचणी बोगद्याला पास करू शकते, किनाऱ्याला नाही. माझ्या मते मुंबईच्या या योजनेबद्दल बोलताना ही गल्लत सगळ्यात जास्त होते. बोगदा वाईट म्हणून लोक चिडतात, आणि बोगदा चांगला म्हणून अधिकारी निश्चिंत राहतात. नाला मात्र वाहत राहतो.

दुसरी मर्यादा अजून गंभीर. जिवाणू मरतात, जड धातू मरत नाहीत. पारा शंभर पट पातळ केला तरी पारा तेवढाच राहतो, फक्त जास्त जागेत. मग तो मासळीत जमतो आणि बोंबलाबरोबर ताटात येतो. म्हणून कारखान्याच्या पाण्याला "समुद्र मोठा आहे" हे उत्तर चालत नाही. शहराच्या सांडपाण्यालाही आता ते पुरेसं मानलं जात नाही. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणच्या शुद्धीकरण केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. आधी शुद्ध करायचं, मग सोडायचं.

घोड नदीला समुद्र नाही

आता टोमॅटोच्या गावाकडे. कारण नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव आता मोठी होत चालली आहेत. फ्लॅट आले, फ्लश आले. पण बोगदा टाकायला समुद्र नाही. आहेत त्या नद्या. जुन्नरला कुकडी, नारायणगावला मीना, आंबेगावात घोड. आणि त्यांच्या खोऱ्यांत धरणं. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे.

इथे एक जुना नियम कामाला येतो. इंग्लंडमध्ये १९१२ साली सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने हिशोब मांडला. नदीत आठ पट स्वच्छ पाणी मिळणार असेल तर सांडपाण्याची ऑक्सिजनची भूक, म्हणजे बीओडी, लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत उतरवून सोडा. पाचशे पटींहून जास्त पाणी असेल तर नुसता कचरा आणि वाळू काढली तरी चालेल, असंही त्यात होतं. ओळखीचं वाटतं ना? लव्हग्रोव्हची आयडिया तीच. आपल्याकडच्या सर्वसाधारण मानकांतही हा विचार लपलेला आहे. समुद्रात सोडायचं तर बीओडी १०० चालतो, नदीत सोडायचं तर ३०. कायदाच म्हणतो की नदीकडे तेवढं पाणी नाही.

करून बघू. समजा २५ हजार वस्तीचं गाव आहे आणि माणशी दिवसाला १०० लिटर सांडपाणी. होतात २५ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला २९ लिटर. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर जवळपास एक क्युसेक! आठ पट पाणी हवं म्हणजे नदीत कायम आठ क्युसेक. फार वाटत नाही. पावसाळ्यात धरणातून हजारोंनी क्युसेक सुटतात, तेव्हा कुणाला फिकीर नसते. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की शेकड्यांनी येतात, तेव्हाही नाही. पण दोन आवर्तनांच्या मध्ये? मे महिन्यात नदीचं पात्र म्हणजे बंधाऱ्यांमागची डबकी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला ढापे टाकले की पाणी अडतं, ते शेतीला हवंच असतं. पण अडलेल्या पाण्यात ओतलेल्या सांडपाण्याला आठ पट सोडा, शून्य पट प्रवाह मिळतो. वरून येतं ते गावाचंच सांडपाणी. मग जलपर्णी माजते, रात्री पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि सकाळी मासे उलटे.

आणि बघा गंमत. समुद्रात रात्रीच्या भांगाची ती काही मिनिटं सगळ्यात वाईट धरतात. घोडच्या बंधाऱ्यात तशी स्थिती आठवडेच्या आठवडे टिकते.

वाहत्या नदीतही अजून एक भानगड असते. सांडपाणी लगेच पूर्ण पात्रात मिसळत नाही. ते ज्या काठाने शिरलं त्याच काठाला चिकटून बरंच अंतर जातं. समोरच्या काठावरून बाटली भरली तर रिपोर्ट क्लीन! नमुना कुठल्या काठाचा, हा प्रश्न तिथीइतकाच महत्त्वाचा.

चांगली बातमी ही, की नदीची चाचणी समुद्राइतकी महाग नाही. ना बोट, ना किरणोत्सारी काही. पिंपात काही किलो मीठ विरघळवायचं, लहान प्रवाहात एका जागी झटक्यात ओतायचं आणि पुरेशा अंतरावर खाली पाण्याची वीजवाहकता दर काही सेकंदांनी लिहीत बसायचं. आकडा चढतो, मग उतरतो. त्या चढ-उताराच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं की नदीत किती पाणी वाहतंय ते कळतं, आणि त्यावरून गावाच्या सांडपाण्याला किती पट पाणी मिळतंय तेही. हातात मावणारा मीटर एका बऱ्यापैकी ट्रेकिंग शूजच्या किमतीत येतो. सायन्स कॉलेजची चार मुलं हे एका दुपारी करू शकतात. मात्र ते करायचं दोनदा. एकदा आवर्तन चालू असताना, एकदा बंद झाल्यावर आठवड्याने. दुसऱ्या वेळी कदाचित मीठ पुढे सरकणारच नाही, पिंप रिकामं करून सगळे नुसते बघत बसतील. ते निरीक्षणही वहीत लिहायचं, तारखेसकट.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पुढचं आवर्तन नक्की कधी सुटणार, ते कुणाकडून तरी कळवून घेणं.